मोरपंखी अस्तर

३ मार्च

चि. भिंगरी,

तुला अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक वेगळा काढून तुझ्या डाव्या मनगटाला.

तुझे हातमोजे आजच्या टपालानं निघाले. एवढे महागडे हातमोजे बनवणाऱ्या कंपनीला माणसाच्या मनगटात हाड असतं हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुझं तर जरा जास्तच वर आलेलं. नऊ वर्षांची असताना सुट्टीत इथे आलीस, माझ्या दुकानाच्या शटरला गोल समजून उडी मारलीस आणि पायरीवर आपटलीस. चेंडू मारणारी मीच होते. तेव्हापासून त्या हाडाची जबाबदारी जन्मभर माझ्याकडे आहे अशी मी समजूत करून घेतली आहे. आता तू देशाची गोलकीपर झालीस तरी जबाबदारी काही सुटली नाही.

दोन्ही हातमोज्यांना आतून नवं अस्तर लावलंय, घाम टिपणारं. डाव्याला मनगटापाशी छोटी उशी केली आहे. उशीत काय भरलंय ते विचारू नकोस, उशी उसवून बघणाऱ्याला झोप लागत नाही.

दुकानात सध्या पाय ठेवायला जागा नाही. आमच्या देशाच्या महिला संघाच्या जाकिटांचं काम मिळालंय. हो, त्याच संघाच्या, ज्याला तू दोन वर्षांपूर्वी नको म्हणालीस. समोरचा किराणावाला अजून विचारतो, तुमच्या बहिणीची पोर आपल्याकडून का नाही खेळत? मी त्याला सांगितलं, ती जिथे रोज सकाळी दात घासते तिथून खेळते. साखर त्यानं त्या दिवशी कमी तोलली असावी.

खरं सांगू? तू नको म्हणालीस तेव्हा मला दोन दिवस राग आला होता. मग तुझा लाल जर्सीतला फोटो आला आणि राग कुठे ठेवला होता तेच आठवेना. मोठी दिसत होतीस. तुझ्या आईसारखी हनुवटी वर करून उभी होतीस.

फोन करत जाऊ नकोस. मशीनच्या खडखडाटानं माझे कान कधीच खाल्लेत, तू बोलतेस आणि मी नुसती हो हो करते. लिही. तुझ्या आईनं एवढ्या परमुलखात तुला आपली भाषा लिहायला शिकवली, ती काय नुसती शोभेला?

तुझी मावशी


१७ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार, माझा आणि मनगटाचा मिळून.

ग्लोव्हज काल मिळाले. हात आत घातला, पुन्हा बाहेर काढला, मनगटाकडची बाजू उलटी करून पाहिली, आणि तशीच खाली बसले. मी ओळखलं, मावशी. हे अस्तर आईच्या कोटाचं आहे ना?

बाहेरून राखाडी, आतून मोरपंखी. आई या देशात आली तेव्हा तिच्या अंगावर तोच कोट होता असं बाबा सांगतात. मी लहान असताना बसची वाट बघत आम्ही उभ्या असलो की ती कोटाची बटणं काढायची आणि मी आत शिरायचे. बाहेरच्यांना नुसते चार पाय दिसायचे. आतल्या खिशापाशी तिचं पेन गळून निळा डाग पडला होता, त्याला मी ढग म्हणायचे. बाही दुरुस्त करायला म्हणून तो कोट तिनं तुझ्याकडे पाठवला, आणि त्याच वर्षी ती गेली. तू म्हणाली होतीस, तुझे खांदे भरले की पाठवीन.

आधी मनात आलं, कोट कापलास की काय? जरा रागही आला. मग वाटलं, बरं केलंस. कपाटात राहून काय होणार होतं. तू मुद्दाम सांगितलं नाहीस, म्हणून मीही जास्त विचारत नाही. मला कळलंय, एवढंच कळवते.

बाबांना दाखवलं. ते बराच वेळ अस्तरावर बोट फिरवत बसले आणि म्हणाले, हे नवं वाटतं. मी म्हटलं, मावशीनं धुतलं असेल.

आता इकडची गंमत. सामना सुरू होण्याआधी राष्ट्रगीत लागलं की कॅमेरा येऊन थेट माझ्या ओठांवर थांबतो. बाकी दहा जणींचे ओठ हलतात की नाही याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. म्हणून मी हल्ली इतक्या मोठ्यानं म्हणते की शेजारी उभी असलेली कॅप्टन म्हणाली, बाई गं, सूर तरी धर. आणि तुमच्याकडचे लोक मला लिहितात की आईचं दूध विसरलीस. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, मी मात्र दोन्हीकडून पोटभर खाते आहे, बोलणी.

पुढचा सामना एप्रिलअखेर. आणि पात्रता फेरीचा शेवटचा सामना सहा जूनला, इथेच, आमच्या मैदानावर. समोर तुम्ही. जो जिंकेल तो मोठ्या स्पर्धेत जाईल. त्या दिवशी तू कुणाला टाळ्या वाजवशील हे मी विचारणार नाही. तूही सांगू नकोस.

तुझी भिंगरी


२९ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद. या वेळी सगळेच मनगटाला, कारण वाटणी करायला वेळ नाही.

कोटाबद्दल लिहिलंस ते वाचलं. वाचून मशीन थांबवलं आणि चहा केला, आणि तो प्यायचाच राहिला. तुला आवडलं ना? मग झालं. तुझ्या आईला बसस्टॉपवर तुझ्या चार पायांचा फार अभिमान होता, मला प्रत्येक पत्रात लिहायची.

जाकिटांना चेन लावायचं काम चालू आहे. डोळे दुखतात, बाकी ठीक. उशी टोचत असेल तर कळव. सहा जूनचं मी काही सांगत नाही, तूच नको म्हणालीस.

तुझी मावशी


६ मे

प्रिय मावशी,

नमस्कार. आज थट्टा सुचत नाही, सरळ लिहिते.

गेल्या शनिवारचा सामना आम्ही जिंकलो. शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली आणि मी ती अडवली, डाव्या हातानं. तुझ्या उशीनं वाचवलं, नाहीतर हाड पुन्हा गेलं असतं. सगळ्या माझ्या अंगावर पडल्या. उठल्यावर मी नेहमीसारखा ग्लोव्ह दातानं ओढून काढला, तो उलटा झाला, आणि नेमका तेव्हा कॅमेरा समोर होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर माझा हात. लाल जर्सीची बाही आणि त्याखाली मोरपंखी. तुमच्या संघाचा रंग मोरपंखी आहे, मावशी. मला हे माहीत नाही असं नाही. पण अस्तर बघून मला आई आठवली होती, संघ नाही. लोकांना संघ आठवला. मथळा होता, ‘बाहेरून आमची, आतून कुणाची?’ याला हात दाखवून अवलक्षण म्हणायचं, दुसरं काय.

पत्रकारांनी गाठलं तेव्हा मी सांगून टाकलं की हे माझ्या वारलेल्या आईच्या कोटाचं अस्तर आहे. त्यानंतर एक दिवस सगळे फार गोड वागले. दोन बायकांनी रस्त्यात थांबवून मला जवळ घेतलं. आणि मग कुणीतरी तो फोटो मोठा करून पाहिला. अस्तराच्या दुमडलेल्या कडेवर एक बारीक होडी विणलेली आहे. तुमच्या संघाच्या चिन्हातली होडी.

मी घरी येऊन पाहिलं. आहे. डाव्या ग्लोव्हला, अगदी कडेला, नखाएवढी.

आता मी मेलेल्या आईच्या नावानं खोटं बोलणारी झाले आहे. शाळेच्या भिंतीवर माझं चित्र होतं ते रंगवून टाकलं. बाबांच्या कामाच्या जागी कुणीतरी त्यांच्या टेबलावर कागदी होडी करून ठेवली. ते म्हणाले, छान घडी घातली होती. त्यांनी ती फेकली नाही, खिशात घालून घरी आणली, आणि त्याचंच मला जास्त रडू आलं.

काल महासंघाच्या अधिकाऱ्यांनी बोलावलं. म्हणाले, चार जूनला पत्रकार परिषद आहे. सगळ्यांसमोर कात्रीनं ते अस्तर कापायचं आणि सांगायचं की तुझं एकाच देशावर प्रेम आहे, दुसऱ्याशी तुझा काही संबंध नाही. नाहीतर सहा तारखेला गोलमध्ये दुसरी मुलगी उभी राहील. आमच्या प्रशिक्षक बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या हातात काही नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी म्हटलं, आईचं अस्तर मी कापणार नाही. ते म्हणाले, अजून तेच?

मावशी, आईच्या कोटावर होडी कुठून आली? बाबांना विचारलं तर ते म्हणतात, मावशीलाच विचार. मला तू सांग. जे असेल ते सांग. त्या सामन्यासाठी मी सतरा वर्षं शटरवर उड्या मारते आहे, आणि तरी या घटकेला मला सामन्यापेक्षा हे जास्त कळायला हवंय.

तुझी भिंगरी


१५ मे

भिंगरी, बाळा,

कान धरते. दोन्ही. तसेही ते आता दुसऱ्या कशाच्या कामाचे नाहीत.

ते अस्तर तुझ्या आईच्या कोटाचं नाही. आमच्या जाकिटांच्या कापडातली उरलेली पट्टी आहे. तुझे हातमोजे समोर उघडे पडले होते, मला घाम टिपणारं कापड हवं होतं, आणि हाताशी ते होतं. चांगल्या कापडाची पट्टी टाकून देणं मला या जन्मी जमायचं नाही, तुझी आई मला चिंध्यांची राणी म्हणायची. उलटी बाजू मऊ म्हणून ती वर घेतली. होड्या सगळ्या सुलट्या बाजूला आहेत, त्या आत गेल्या. कड दुमडताना एक बाहेर राहिली. इतकी वर्षं शिवते आहे, दुमड तपासल्याशिवाय कपडा हातावेगळा करत नाही, आणि तुझाच तेवढा केला. हा संघाचा रंग, हा त्याचा झेंडा, असं काही माझ्या मनाला शिवलंच नाही. मला कापड दिसलं.

आणि मग तुझं पत्र आलं, कोटाचं. तुझ्या चार पायांचं. मी लेखणी घेतली होती गं, तुला खरं सांगायला. पण तू इतकी खूश होतीस. मनात म्हटलं, हातमोज्याच्या आत कोण बघायला येणार आहे? पोरीला वाटतंय आई हाताला लागते, तर वाटू दे. माझ्या त्या गप्प बसण्यानं तुला साऱ्या जगासमोर खोटं पाडलं. याबद्दल मला काय शिक्षा करायची ती कर, पण लिहिणं थांबवू नकोस.

कोट आहे तिथे आहे. त्याची काळजी आत्ता नको.

तेव्हा आता नीट ऐक. ती चिंधी आहे. तिच्यात ना तुझी आई आहे, ना तुझा देश, ना माझा. त्यांना कापायची असेल तर कापू दे आणि सहा तारखेला तू गोलमध्ये उभी राहा. माझ्याशी संबंध नाही असं म्हण. माझ्या देशाशी नाही म्हण. जे म्हणायला सांगतील ते म्हण. मला ऐकूच येत नाही, तर वाईट कसं वाटेल?

फक्त कात्री लावण्याआधी एकटी असताना स्वतः उसव. लोकांसमोर घाईत कापलंस तर ग्लोव्ह फाटेल. बारीक टोकाची कात्री घे. आधी कडेची गाठ शोध, ती अंगठ्याच्या बाजूला आहे. गाठ काप आणि मग एक टाका सोडून एक काप, दोरा आपोआप सुटतो. दातानं ओढू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे. आणि उशीला हात लावू नकोस, तिची शिवण वेगळी आहे. ती असू दे.

इकडे सगळं ठीक. दुकानाच्या दाराची काच तडकली आहे, मांजरानं काहीतरी पाडलं.

तुझी मावशी


४ जून

प्रिय मावशी,

नमस्कार. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा सामना होऊन गेलेला असेल. म्हणून जे झालं ते आत्ताच लिहून टाकते, निकालाचा रंग लागायच्या आत.

पहिलं, तुझं मांजर. आमच्या कॅप्टननं मला तिच्या फोनवर एक बातमी दाखवली. तुझं दुकान, त्यावर मोठा फलक, ‘मनानं ती आपलीच’, आणि त्यावर माझ्या हाताचा फोटो. कुणीतरी पुढारी तुला हार घालायला आलेत. तू हार हातात घेतलास, मशीनवर ठेवलास, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं बोललीस. मी ते इतक्या वेळा पाहिलंय की पाठ झालंय. “ती माझी आहे, तुमची नाही. ती तिकडून खेळते, तिनं ते विचार करून ठरवलंय. हे कापड मी लावलं, तिला विचारलंही नाही. आणि सहा तारखेला मी कुणाच्या बाजूनं ते विचारू नका. जाकिटं माझी, हातमोजे माझे. कुणीही पडलं तरी माझीच शिवण मातीत जाणार.” बातमीच्या शेवटी तोच फलक खाली पडलेला दिसतो आणि दाराला काच नाही. तडकलेली नाही, नाहीच. मांजर बरंच मोठं होतं, मावशी.

मला हे लिहायला हवं होतंस. पण मीही तुला पेनल्टीच्या आधीचं सगळं कुठे लिहिलं होतं? गेलं वर्षभर येणाऱ्या निनावी चिठ्ठ्या, बदललेला सरावाचा रस्ता. आपण दोघी एकमेकींना जपायचं म्हणून भलतंच करून बसतो. आईनं आपल्या दोघींना एका बाकावर बसवून रागावलं असतं.

आता दुसरं. तुझं पत्र आलं तेव्हा रागावले. दिवसभर रागावले. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीचं दार लावून बारीक कात्री घेतली आणि तू सांगितलंस तसं उसवायला बसले. अंगठ्याच्या बाजूची गाठ, मग एक सोडून एक टाका. दोरा खरंच आपोआप सुटतो. पट्टी पूर्ण निघाली. एकोणीस होड्या आहेत, सगळ्या माझ्याकडे पाठ करून बसलेल्या.

उशीला हात लावू नकोस म्हणालीस. मावशी, माझ्यासारखीला असं सांगतात का कुणी?

उशीची एक कड उसवली. आत घड्या घातलेलं रेशमी कापड होतं, जुनं, धुऊन धुऊन फिकं झालेलं. ना मोरपंखी, ना राखाडी, कुठल्याच देशाचं म्हणता येणार नाही असा रंग. घडी उलगडली आणि मधोमध निळा ढग.

मी पलंगावर बसून राहिले. ज्या चेंडूनं आम्हाला इथवर आणलं तो आईच्या खिशाला लागून गेला होता, आणि मला ते माहीतही नव्हतं.

मग कळलं. कोट असता तर तू त्याचा एवढासाच तुकडा कापला नसतास. तुझ्या हातून शाबूत कपड्याला कात्री लागत नाही. कोट राहिलेला नाही, हो ना? म्हणूनच ते ‘आहे तिथे आहे’. म्हणूनच तू माझ्या पत्रावर गप्प बसलीस.

घडी होती तशी घातली आणि उशी माझ्या हातानं शिवली. घरात लाल दोराच होता. टाके बघितलेस तर तुला चक्कर येईल.

आज सकाळी पत्रकार परिषद झाली. टेबलावर मोठी कात्री ठेवलेली होती, फोटोसाठी. मी पट्टी खिशातून काढून तिच्या शेजारी ठेवली आणि सांगितलं, मी चुकीचं बोलले होते. हे आईचं नाही. माझी मावशी शिंपीण आहे, त्या संघाची जाकिटं ती शिवते, आणि ती काही टाकून देत नाही. चूक झाली त्याची माफी मागते. मावशीची माफी मागणार नाही, म्हणजे तिच्याबद्दल मागणार नाही.

एकानं विचारलं, म्हणजे त्या देशाशी तुझा संबंध नाही असं समजायचं का? अधिकारी माझ्याकडे बघत होते. तू म्हणाली होतीस, जे सांगतील ते म्हण. मला जमलं नाही. मी म्हणाले, “तिथे माझी मावशी राहते. ज्या गावात माझी मावशी राहते त्या गावाचा राग करायला मला येत नाही. पण सहा तारखेला त्यांना एकही गोल करू देणार नाही.”

उशीबद्दल एक अक्षर बोलले नाही. बोलले असते तर उद्याच सगळे पुन्हा गोड वागले असते, भिंतीवरचं चित्रही परत आलं असतं. मी खोटं बोललेच नव्हते, फक्त चुकीच्या थराकडे बोट दाखवलं होतं, हे सिद्ध करता आलं असतं. पण एकदा आईला त्यांच्यापुढे नेलं होतं, पुन्हा नेणार नाही.

अधिकारी रागानं उठून गेले. संध्याकाळी प्रशिक्षक बाईंनी संघाची यादी लावली. गोलच्या जागी माझं नाव आहे. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाल्या, मला हात हवे होते, अस्तर नको होतं.

परवा खेळते. मावशी, मला भीती वाटते आहे. तू दहा पावलांवरून चेंडू मारायला उभी असायचीस तेव्हा वाटायची तशीच.

कोट जसा असेल तसा पाठव. नुसती बटणं राहिली असतील तर बटणं पाठव.

तुझी भिंगरी


८ जून

मावशी,

निकाल तुला माहीत आहे. शेवटी तुमच्या नऊ नंबरवालीनं मारलेला चेंडू मी कसा अडवला ते मला आठवत नाही, फक्त मनगटाला लागल्याचं आठवतं. मग शिट्टी वाजली. ती नऊ नंबरवाली तिथेच गुडघ्यांवर बसून राहिली. तिच्या अंगावर तुझं जाकीट आणून टाकलं कुणीतरी. मी तिच्याजवळ गेले आणि चेन वर ओढून दिली. अडकत नाही, छान लावली आहेस.

यावरही बोलतील. बोलू दे.

बाबांनी खिशातून ती कागदी होडी काढून मला दाखवली, सामनाभर हातात धरून बसले होते म्हणे. पार लगदा झाला होता तिचा.

उजव्या ग्लोव्हचं अस्तर आहे तसंच ठेवून पाठवते आहे, डाव्याचं निघालेलंच आहे. ऑगस्टमधल्या मोठ्या स्पर्धेपर्यंत दोन्ही नीट करून हवेत. माझे टाके बघून हसू नकोस.

भिंगरी


२० जून

चि. भिंगरी,

आशीर्वाद. किती ते मोजत नाही, सगळे घे.

सहा तारखेला आम्ही हरलो आणि माझी मुलगी जिंकली. तू तो चेंडू अडवलास तेव्हा मी टाळी वाजवली, आणि शिट्टी झाल्यावर ती नऊ नंबरची पोर खाली बसली तेव्हा तोंडावर हात ठेवला. मग टीव्ही बंद करून थोडी रडले. कशासाठी ते शोधत बसले नाही. किराणावाला येऊन दारात उभा राहिला. मला वाटलं, आता हा काय ऐकवतो. म्हणाला, मनगट पक्कं आहे हो पोरीचं. साखर पूर्ण देऊन गेला.

काच नवी बसवली. जाकिटांचं पुढचं काम दुसऱ्या दुकानाला गेलं, जाऊ दे, डोळ्यांना आराम. मांजर परत आलेलं नाही.

कोटाला कसर लागली होती. बाही दुरुस्त करून पेटीत ठेवला, आणि दोन वर्षं उघडूनच पाहिला नाही, कारण उघडला की तुझ्या आईचा वास यायचा आणि दिवस वाया जायचा. शेवटी उघडला तेव्हा पाठ गेली होती, खांदे गेले होते. ते खांदे मी तुला कबूल केले होते. अस्तराचा एवढा एकच तुकडा धड निघाला, खिशापाशी, जिथे डाग होता तिथला. हाताच्या घामात तो टिकला नसता, म्हणून उशीत घातला आणि वरून दुसरं कापड लावलं. रंग जुळतो म्हणून तेच घेतलं, तेही आता सांगून टाकते. तुला ते कळू नये म्हणून इतकी धडपड केली, आणि तू कळल्यावर काय मागितलंस, तर बटणं. मी तुला ओळखतच नव्हते म्हणायचं.

पाचही बटणं पाठवते आहे, आणि दुरुस्त केलेली बाही. ती मात्र शाबूत आहे.

हातमोजे याच पार्सलात आहेत. अस्तर दोन्हीला नवं लावलंय, पांढऱ्या जुन्या चादरीचं. त्यात कुणाला काय दिसतं ते बघू.

तुझे लाल टाके बघितले. एक इकडे, एक तिकडे. उसवून पुन्हा शिवायला घेतले होते, कात्री हातात होती, पण ठेवून दिली. ते तसेच आहेत. फक्त शेवटच्या टाक्याला गाठ मारायची तू विसरली होतीस. तेवढी गाठ मी मारली आहे.

तुझी मावशी